वाचाघात : बसलेली वाचा आणि तिच्या परतीची वाट

'अंगावरून वारे गेले आणि वाचा बसली' हे वाक्य खेड्यापाड्यांतून पुष्कळदा ऐकू येते. या एका वाक्यात वस्तुतः दोन निरनिराळ्या घटना सांगितलेल्या असतात. हातपाय लुळे पडणे ही पहिली घटना डोळ्यांना दिसते; म्हणून औषध, मालीश, व्यायाम असे उपाय तत्काळ सुरू होतात. वाचा बसणे ही दुसरी घटना मात्र दैवाधीन मानली जाते. काही आठवडे वाट पाहिली जाते, जिभेला वेखंड उगाळून लावले जाते, नवस बोलले जातात. आणि पुढे 'आता त्यांना काही कळत नाही' असे सर्वजण धरून चालतात. मग घर त्या माणसाला विचारणे सोडते, गाव त्याच्याशी बोलणे सोडते आणि कचेरी त्याची संमती ग्राह्य मानणे सोडते.

हा समज बहुतेक वेळा चुकीचा असतो. वाचा बसलेल्या माणसाची बुद्धी, त्याच्या आठवणी, माणसांची ओळख, मानापमानाची जाणीव व व्यवहाराची समज ही पुष्कळ अंशी शाबूत असू शकतात. कोठीत धान्य भरलेले आहे, परंतु कुलपाची किल्ली सापडत नाही, अशी त्याची अवस्था असते. ही किल्ली शोधण्याचे शास्त्र आज उपलब्ध आहे. त्याचा परिचय करून देणे आणि कुटुंब, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांनी काय करावे हे सांगणे, हा या लेखाचा उद्देश आहे.

वाचाघात म्हणजे काय ?

मेंदूच्या ज्या भागांत भाषेचे व्यवहार चालतात त्या भागांना इजा झाल्यामुळे बोलणे, दुसऱ्याचे बोलणे समजणे, वाचणे आणि लिहिणे यांपैकी एका किंवा अनेक क्रियांत जी उणीव उत्पन्न होते, तिला वाचाघात असे म्हणतात. डॉक्टर मंडळी यासच 'अफेझिया' म्हणतात. याचे सर्वांत मोठे कारण पक्षाघात हे होय. मेंदूला रक्त पुरविणारी वाहिनी गुठळीने अडते किंवा फुटते, त्या भागास प्राणवायू मिळत नाही आणि तेथील पेशी मरू लागतात. पक्षाघात झालेल्या दर तीन व्यक्तींपैकी सुमारे एकीस कमीअधिक प्रमाणात वाचाघात होतो. याखेरीज वाहनाच्या अपघातात डोक्यास बसलेला मार, मेंदूतील गाठ व मेंदूचा संसर्ग ही कारणेही आढळतात. क्वचित प्रसंगी कोणताही आघात न होता शब्द हळूहळू, वर्षानुवर्षे नाहीसे होत जातात; तो प्रकार वेगळा असून त्याची तपासणी स्वतंत्रपणे करावी लागते.

वाचाघात म्हणजे काय नव्हे, हेही लक्षात ठेवणे तितकेच अगत्याचे आहे. तो जिभेचा किंवा घशाचा रोग नव्हे. जीभ, ओठ व गाल यांचे स्नायू दुबळे झाल्यास उच्चार जड येतात हे खरे. परंतु अशा रुग्णाचे शब्द व वाक्यरचना बरोबर असतात आणि त्याला लिहून सांगता येते. वाचाघातात शब्दच हाती लागत नाहीत, म्हणून लिहिणेही बहुधा अडते. वाचाघात म्हणजे बहिरेपणा नव्हे. तेव्हा कानाशी ओरडून बोलण्याने काही साधत नाही. तो बुद्धिभ्रंश नव्हे आणि वेड तर मुळीच नव्हे.

मेंदूतील वाणीचे स्थान

भाषेचे स्थान मेंदूत आहे ही गोष्ट शास्त्रीय पुराव्याने प्रस्थापित होण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात इ. स. १८६१ मध्ये पॉल ब्रोका या शल्यवैद्याकडे ५१ वर्षे वयाचा एक रुग्ण आला. त्याची वाचा २१ वर्षांपूर्वी गेली होती. कोणताही प्रश्न विचारला तरी त्याच्या तोंडून 'तां, तां' एवढाच ध्वनी निघे. त्यामुळे रुग्णालयात त्याला तेच नाव पडले होते. परंतु त्याला सांगितलेले पुष्कळसे समजत असे आणि हातवाऱ्यांनी तो उत्तरेही देई. थोड्याच दिवसांत तो मरण पावला. ब्रोका याने त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या गोलार्धाच्या पुढील भागात इजा झालेली दिसली. तो भाग पुढे ब्रोकाच्याच नावाने ओळखला जाऊ लागला.

त्यानंतर १८७४ मध्ये कार्ल वेर्निके या तरुण जर्मन वैद्याने दुसरा प्रकार वर्णन केला. त्याचे रुग्ण अस्खलित बोलत, पण बोलण्यात अर्थ नसे आणि दुसऱ्याचे बोलणे त्यांना उमजत नसे. त्यांच्या मेंदूतील इजा डाव्याच गोलार्धात, परंतु कानाच्या बाजूस मागे होती. उजव्या हाताने काम करणाऱ्या १०० पैकी सुमारे ९५ जणांची भाषा मुख्यत्वे डाव्या गोलार्धात असते. आणि डावा गोलार्ध शरीराच्या उजव्या बाजूचे नियमन करतो. उजवा हात व उजवा पाय लुळा पडला असता वाचाही बसण्याचा संभव अधिक का असतो, याचे कारण येथे मिळते.

आज मेंदूची छायाचित्रे घेण्याची साधने उपलब्ध आहेत. त्यांवरून असे दिसते की, भाषा एक-दोन ठिकाणीच बंदिस्त नसून ती अनेक भागांना जोडणाऱ्या जाळ्यात वसते. जाळ्याचा काही भाग तुटला तरी उरलेल्या धाग्यांकडून काम करवून घेता येते. वाणी-उपचाराची सारी उभारणी या तत्त्वावर झालेली आहे.

वाचाघाताचे मुख्य प्रकार

पहिला प्रकार अडखळत्या बोलण्याचा. रुग्णाला समजते पुष्कळ, पण बोलताना एकेक शब्द ओढून काढावा लागतो. मराठीत असा रुग्ण नाम कसेबसे उच्चारतो आणि विभक्तीचे प्रत्यय व क्रियापदांची रूपे गाळतो. 'मी काल मुलाबरोबर दवाखान्यात गेलो होतो' असे म्हणावयाचे असता तो 'काल... मुलगा... दवाखाना...' अशा तऱ्हेने तुटक बोलतो. आपले चुकते आहे हे त्याला कळत असते, म्हणून तो चिडतो किंवा रडतो.

दुसरा प्रकार ओघवत्या पण अर्थहीन बोलण्याचा. 'ते ह्याचं ते घेतलं, मग तिकडून काटली केली, आणि बरोबर लागलं की हो', अशा धाटणीचे बोलणे सुरू असते. 'चमच्या'ला 'ताट' म्हटले जाते किंवा भाषेत नसलेलाच शब्द तयार होतो. आपण चुकतो आहोत याची जाणीव रुग्णाला बहुधा नसते. वेडाचा संशय याच रुग्णांवर सर्वांत अधिक घेतला जातो.

तिसऱ्या प्रकारात बोलणे व समजणे दोन्ही मोठ्या प्रमाणावर जातात. आघातानंतरच्या पहिल्या दिवसांत असे पुष्कळदा दिसते. चौथ्या, सौम्य प्रकारात वाक्ये ठीक येतात, परंतु नेमका शब्द ऐन वेळी सापडत नाही. 'ते लिहायचं', 'ते पाणी प्यायचं' असे वळसे घेऊन रुग्ण काम भागवितो.

या सर्व प्रकारांत एक विलक्षण गोष्ट आढळते. स्वतःचे नाव सांगू न शकणारा मनुष्य एकापासून दहापर्यंत अंक म्हणतो, वारांची नावे ओळीने सांगतो, लहानपणी पाठ केलेले पाढे, आरती किंवा भजनाचे चरण दुसऱ्यांच्या सुरात सूर मिसळून म्हणतो. कित्येकदा त्याच्या तोंडून शिवीही स्पष्ट निघते आणि घरची मंडळी खजील होतात. घोकून पक्की झालेली किंवा भावनेच्या भरात निघणारी वाणी आणि विचारपूर्वक जुळविलेली वाणी यांचे मार्ग मेंदूत काहीसे भिन्न आहेत, हे त्याचे कारण. म्हणून शिवी ऐकून रुग्णाच्या स्वभावाला दोष देऊ नये. आणि आरती म्हणता येते म्हणून 'हे मुद्दाम बोलत नाहीत' असाही समज करून घेऊ नये.

पहिले काही तास

अचानक वाचा अडखळणे, भलतेच शब्द येणे किंवा सांगितलेले न समजणे हे पक्षाघाताचे लक्षण असू शकते, मग हातपाय चालत असले तरीही. तोंड वाकडे होणे, एक हात खाली पडणे, तोल जाणे ही इतर लक्षणे होत. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि मेंदूचे चित्र काढण्याची सोय असलेल्या रुग्णालयात तातडीने जावे. गुठळी विरघळविणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून सुमारे साडेचार तासांच्या आतच देता येते. यास्तव रुग्ण शेवटचा ठीक केव्हा दिसला, ती वेळ लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगावी. निवडक रुग्णांत मोठ्या वाहिनीतील गुठळी नळीच्या साहाय्याने २४ तासांपर्यंतही काढता येते. मात्र ती सोय मोठ्या केंद्रांतच असते.

या काळात रुग्णाला पाणी, दूध, मध किंवा काढा पाजू नये. पक्षाघातात गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते आणि तोंडात घातलेला पदार्थ श्वासनलिकेत उतरून फुप्फुसास सूज येते. गिळण्याची तपासणी झाल्यावरच अन्न सुरू करावे. ही तपासणी व त्यासंबंधीचे मार्गदर्शन हेही वाणी-उपचारतज्ज्ञाचे एक काम आहे.

वाणी-उपचार कसा चालतो ?

दुसऱ्या महायुद्धात डोक्यास गोळी लागलेले हजारो तरुण सैनिक रुग्णालयांत आले. त्यांना पुन्हा बोलते करण्याच्या प्रयत्नांतून या शास्त्राला मोठी चालना मिळाली. रशियन शास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी उरल पर्वताच्या परिसरातील रुग्णालयात केलेले काम या क्षेत्रात मूलभूत मानले जाते.

उपचाराचा आरंभ मोजमापापासून होतो. रुग्ण किती बोलतो, किती समजतो, ऐकलेले पुन्हा उच्चारू शकतो काय, वस्तूंची नावे सांगतो काय, वाचतो व लिहितो काय, हे ठराविक चाचण्यांनी पाहिले जाते. काय गेले याइतकेच काय उरले आहे हेही नोंदविले जाते. कारण इमारत उरलेल्यावरच उभारावयाची असते.

शब्द शोधण्याचा सराव निरनिराळ्या पायऱ्यांनी घेतला जातो. कुलपाचे चित्र दाखविले आणि शब्द आला नाही, तर प्रथम त्या वस्तूसंबंधी विचारले जाते : ती कशाची असते, कोठे लावतात, कशासाठी वापरतात ? तरीही न जमल्यास अपुरे वाक्य दिले जाते : 'बाहेर जाताना दाराला लावतो ते...' त्यानेही न भागल्यास पहिले अक्षर दिले जाते : 'कु...' शेवटी पूर्ण शब्द सांगून म्हणवून घेतला जातो. रुग्णाने स्वतः केलेला शोध हाच खरा व्यायाम. म्हणून तयार शब्द सर्वांत शेवटी.

अडखळत बोलणाऱ्या काही रुग्णांसाठी सुरांचा उपयोग केला जातो. 'पाणी द्या', 'बाहेर जाऊ' अशी नित्याची वाक्ये साध्या चढउतारात गुणगुणावयाची, त्याबरोबर डाव्या हाताने ठेका धरावयाचा, आणि जमल्यावर सूर हळूहळू कमी करीत साध्या बोलण्यावर यावयाचे. अमेरिकेत १९७३ मध्ये ही पद्धत शास्त्रीय नियतकालिकातून प्रथम मांडली गेली. केवळ गाणे म्हणवून घेणे म्हणजे हा उपचार नव्हे; सुरातून बोलण्याकडे येण्याची शिडी हा त्याचा गाभा आहे.

ज्यांची वाणी फारच थोडी उरली आहे, त्यांच्यासाठी चित्रवही करतात. तांब्या, भाकरी, औषध, शौच, दुखणे, घरातील माणसे, देऊळ, शेत, बँक यांची चित्रे किंवा छायाचित्रे एका वहीत लावून, रुग्णाने बोट ठेवून सांगावे अशी योजना असते. चित्रवही दिल्याने रुग्ण बोलण्याचा आळस करील, ही भीती निराधार आहे. खूण, चित्र, लेखन, शब्द यांपैकी ज्या मार्गाने अर्थ पोहोचेल तो मार्ग चांगला.

या उपचाराचा खरोखर उपयोग होतो काय ? २०१६ मध्ये जगभरातील ५७ चाचण्या व ३,००२ व्यक्ती यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. उपचार न मिळालेल्यांच्या तुलनेत उपचार मिळालेल्यांचा नित्याचा संवाद, वाचन, लेखन व बोलणे सुधारते, असे त्यात आढळले. 'सहा महिन्यांत जे येईल ते येईल, पुढे काही नाही' हा समजही आता टिकत नाही. वाचाघातास सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ लोटलेल्या १५६ रुग्णांवर जर्मनीत झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तीन आठवडे, आठवड्यास किमान दहा तास इतका उपचार दिल्यावर बोलण्यात सुधारणा दिसून आली. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो हे खरे. पण दार त्यानंतर बंद होत नाही. अर्थात, प्रत्येकाची वाचा पूर्ववत होईल असे आश्वासन कोणीही देऊ नये. इजेचा आकार, तिचे स्थान व उपचाराचे प्रमाण यांवर फळ अवलंबून असते.

अनेक भाषांच्या घरातील प्रश्न

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या मराठी कुटुंबांपुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. गोव्यातील घरात कोंकणी व मराठी शेजारी नांदतात आणि जुन्या पिढीतील काहींचे शिक्षण पोर्तुगीजमध्ये झालेले असते. बेळगावात मराठीबरोबर कन्नड, इंदूर व ग्वाल्हेर येथे हिंदी, बडोद्यात गुजराती, हैदराबादेत तेलुगू व उर्दू रोजच्या कानांवर असतात. अशा माणसाला वाचाघात झाला तर कोणती भाषा जाते आणि कोणती उरते ?

फ्रेंच विद्वान रिबो यांनी १८८१ मध्ये असे सुचविले की, जे प्रथम शिकले ते सर्वांत टिकाऊ. म्हणजे मातृभाषा आधी परतावी. पित्र यांनी १८९५ मध्ये वेगळा नियम मांडला : आघाताच्या वेळी जी भाषा सर्वांत अधिक वापरात होती ती आधी परतते. पुढील अभ्यासात दोन्ही नियमांना पुष्कळ अपवाद सापडले. बहुसंख्य रुग्णांत सर्व भाषा थोड्याफार सारख्याच प्रमाणात बिघडतात व सुधारतात. काहींत एक भाषा पुढे व दुसरी मागे राहते. आणि क्वचित एखाद्या रुग्णात आज एक तर उद्या दुसरी भाषा वर येते. म्हणून प्रत्येक भाषा स्वतंत्रपणे तपासावी लागते. कॅनडातील संशोधक मिशेल पॅरादी यांनी यासाठी १९८७ मध्ये एक चाचणी-संच सिद्ध केला आणि तो अनेक भाषांत तयार झाला आहे.

या माहितीचे महत्त्व व्यवहारात मोठे आहे. समजा, बडोद्यातील एका वृद्ध गृहिणीचे सारे आयुष्य मराठीत गेले असून गुजराती तिने बाजारापुरती वापरली आहे. रुग्णालयात तिची तपासणी केवळ गुजरातीत झाली, तर तिची वाणी आहे त्यापेक्षा अधिक गेलेली दिसेल आणि उपचाराची दिशाच चुकेल. उलटपक्षी, चाळीस वर्षे इंग्रजीत अध्यापन केलेल्या इंदूरच्या शिक्षकास तपशील सांगण्यासाठी इंग्रजी शब्दच आधी सापडले, तर त्यात नवल नाही आणि मातृभाषेचा अनादरही नाही.

यास्तव रुग्णालयात जाताना घरच्यांनी एका कागदावर 'भाषेचा वृत्तान्त' लिहून न्यावा : रुग्ण कोणत्या भाषा जाणतो, कोणती कोणत्या वयात शिकला, घरात, शेतात, बाजारात, कामाच्या जागी कोणती वापरी, कोणत्या लिपी वाचता-लिहिता येत होत्या, शिक्षण किती झाले, आणि कोणता हात प्रमुख होता. तज्ज्ञास मराठी येत नसेल तर घरातील एका शांत व्यक्तीने दुभाष्याचे काम करावे. मात्र रुग्ण जसे बोलला तसेच, चुकांसह, सांगावे. सुधारून सांगितल्यास चुकांवरून होणारे निदानच बिघडते. तसेच 'एकच भाषा बोला, नाहीतर गोंधळ होईल' असा आग्रह धरू नये. एका भाषेतील सरावाचा लाभ काही रुग्णांत दुसऱ्या भाषेलाही मिळतो. जो शब्द ज्या भाषेतून आला तो स्वीकारावा.

घरच्या मंडळींचे कर्तव्य

तज्ज्ञ आठवड्यातून काही तास भेटतो. दिवसाचे बाकीचे तास घरचे असतात. कॅनडात २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वाचाघात झालेल्यांशी संवाद कसा साधावा याचे शिक्षण स्वयंसेवकांना दिल्यावर रुग्णांचाही संवादातील सहभाग वाढलेला दिसला. म्हणजे केवळ रुग्णानेच नव्हे, तर त्याच्याशी बोलणाऱ्यानेही शिकावयाचे असते. पुढील गोष्टी कोणत्याही घरात पाळता येण्यासारख्या आहेत.

(१) बोलण्यापूर्वी रेडिओ व दूरदर्शन बंद करावे, समोर बसावे आणि एका वेळी एकानेच बोलावे.

(२) वाक्ये छोटी असावीत, पण स्वर मोठ्या माणसाशी बोलण्याचाच असावा. आजोबांना 'अहोजाहो' म्हणत असाल तर तेच चालू ठेवावे. लहान मुलासारखे लाडे लाडे बोलू नये.

(३) प्रश्न विचारल्यावर थांबावे. शब्द शोधण्यास त्यांना वेळ लागतो. घाईने त्यांचे वाक्य पूर्ण करू नये. मदत हवी काय, हे आधी विचारावे.

(४) 'काय खाल ?' असे मोघम न विचारता 'भात की भाकरी ?' असे दोन पर्याय वस्तू दाखवून किंवा लिहून पुढे ठेवावेत.

(५) 'हो' व 'नाही' यांची अदलाबदल होऊ शकते. महत्त्वाच्या बाबतीत प्रश्न उलटा करून पुन्हा विचारावा व मान, हात यांच्या खुणांनी उत्तराची खात्री करावी.

(६) समजले नसल्यास समजल्याचा बहाणा करू नये. 'मला कळले नाही, पुन्हा सांगा' असे सरळ म्हणावे.

(७) उच्चाराची प्रत्येक चूक दुरुस्त करीत बसू नये. अर्थ पोहोचला की पुढे जावे.

(८) त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी, ते तेथे नसल्यासारखे, बोलू नये.

(९) पाहुणे, भजन, बाजार, लग्नकार्य यांपासून त्यांना तोडू नये. वाचाघातानंतर खिन्नता पुष्कळांना ग्रासते. झोप, भूक व उत्साह कमी झाल्यास डॉक्टरांना सांगावे.

गावातील शिक्षक या कामी फार मोठे साह्य करू शकतात. चित्रे, शब्दपट्ट्या, मोठ्या अक्षरांतील मजकूर तयार करणे हे त्यांच्या हातचे काम आहे. एक पथ्य मात्र पाळावे : प्रौढ रुग्णापुढे बालवाडीचे पुस्तक ठेवू नये. शेतकऱ्यासाठी अवजारे, पिके व सातबारा, सुतारासाठी रंधा व करवत, गृहिणीसाठी तिच्या स्वयंपाकघरातील वस्तू हेच खरे पाठ्यपुस्तक होय. रुग्णाचा उजवा हात लुळा असल्यास डाव्या हाताने मोठी अक्षरे गिरविण्याचा सराव द्यावा.

कचेरी, बँक आणि कायदा

वाचा बसलेल्या माणसाचा खरा कस कचेरीच्या दारात लागतो. निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला, जमिनीची वाटणी, बँकेतील ठेव या बाबतींत 'यांना बोलता येत नाही, म्हणजे संमती देता येत नाही' असे गृहीत धरले जाते आणि दुसराच कोणीतरी निर्णय घेऊन मोकळा होतो. यातून होणारी हानी पक्षाघाताच्या हानीपेक्षा लहान नसते.

१९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात वाचाघाताचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीतील २१ प्रकारांत वाणी व भाषेची विकलांगता समाविष्ट असून तिच्या व्याख्येत अफेझियाचा नावाने निर्देश आहे. विकलांगता कायमस्वरूपाची व किमान ४० टक्के असल्याचे प्रमाणित झाल्यास तत्संबंधीच्या सवलतींस व्यक्ती पात्र ठरू शकते. त्यासाठी वैश्विक दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज करावा लागतो. हात लुळा असल्याची नोंद होते आणि भाषेची नोंद राहून जाते, असे घडू नये म्हणून अर्जाच्या वेळीच ही बाब स्पष्ट सांगावी.

याच अधिनियमाच्या कलम १३ नुसार दिव्यांग व्यक्तीस इतरांप्रमाणेच मालमत्ता धारण करण्याचा व वारशाने मिळविण्याचा आणि आपले आर्थिक व्यवहार चालविण्याचा हक्क आहे. न्यायालयातही, तोंडाने बोलू न शकणाऱ्या साक्षीदारास लेखनाने किंवा खुणांनी साक्ष देता येते; ही तरतूद जुन्या पुरावा कायद्यात होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती आहे. तेव्हा सही वेडीवाकडी, डाव्या हाताची किंवा अंगठ्याची असली, म्हणून संमती खोटी ठरत नाही. संबंधित कर्मचाऱ्याने शांत जागी बसवून, छोट्या वाक्यांत, चित्र वा लेखनाचा आधार घेऊन आणि प्रश्न उलटसुलट विचारून समज पडताळावी. शंका उरल्यास वाणी-उपचारतज्ज्ञाचा अभिप्राय मागवावा. मात्र रुग्णास खरोखर समजत नसेल, तर केवळ मान डोलावण्याला संमती समजून कागद पुरा करणे हाही तितकाच मोठा दोष होय.

उपचार कोठे मिळतो ?

म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आणि मुंबई येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या या क्षेत्रातील शासकीय संस्था होत. मुंबईची संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली असून तिचे एक प्रादेशिक केंद्र सिकंदराबाद येथे आहे. अनेक वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही हे तज्ज्ञ काम करतात. त्यांची नोंदणी १९९२ च्या अधिनियमान्वये भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. 'वाचा आणून देतो' म्हणणाऱ्या कोणाही व्यक्तीस पैसे देण्यापूर्वी ही नोंदणी पाहावी. खेड्यातून वारंवार शहरात जाणे शक्य नसल्यास काही भेटी दूरध्वनीच्या पडद्यावरूनही होऊ शकतात. पहिली तपासणी समक्ष करून घ्यावी आणि घरी करावयाचा सराव वहीत लिहून आणावा.

स्वीडनचे कवी टोमास ट्रान्स्ट्रोमर यांना १९९० मध्ये पक्षाघात झाला. बोलणे जवळजवळ गेले व उजवा हात निकामी झाला. ते डाव्या हाताने पियानो वाजवीत राहिले, त्यांचे कवितासंग्रह त्यानंतरही प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये त्यांना वाङ्मयाचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रत्येक रुग्ण कवी नसतो. परंतु प्रत्येकाच्या आत सांगण्यासारखे काही उरलेले असते. ते ऐकण्यासाठी थोडा वेळ थांबणे, एवढे तरी कोणत्याही घरास, शाळेस व कचेरीस करता येण्यासारखे आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. उच्चार जड येणे आणि वाचाघात यांत फरक कोणता ?

२. आरती म्हणता येणाऱ्या रुग्णास स्वतःचे नाव सांगता येत नाही, याचे कारण काय ?

३. आपल्या घरातील एका ज्येष्ठ व्यक्तीचा 'भाषेचा वृत्तान्त' लिहून काढा.

४. वाचाघात झालेली व्यक्ती कचेरीत आली असता तिची समज पडताळण्यासाठी कोणत्या तीन गोष्टी कराव्यात ?